संगणक आणि राउटर यांच्यातील विद्युत व्यत्यय : कारण कसे शोधावे?

घरातील इंटरनेट सारखे तुटू लागले की पहिला दोष आपण सेवा देणाऱ्या कंपनीला देतो. अनेकदा मात्र दोष खोलीतच असतो. उदाहरण म्हणून दिल्लीतील ओल्ड राजिंदर नगर किंवा मुखर्जी नगर घ्या. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे अनेक मराठी विद्यार्थी इथे भाड्याच्या लहान खोल्यांत राहतात. टेबल एक, एक्स्टेन्शन बोर्डही एकच. त्यावर संगणक, राउटर आणि उन्हाळ्यात कूलर. ऑनलाइन चाचणी चालू असताना नेट गेले तर नेमके काय तपासायचे, ते या पाठात पाहू.

१. आधी मार्ग ओळखा

व्यत्यय उपकरणापर्यंत दोन मार्गांनी पोहोचतो : हवेतून (प्रारित) किंवा तारांमधून (वाहित). दोन्हींचे लक्षण एकच, म्हणजे जोडणी तुटणे. उपाय मात्र वेगळे आहेत. संगणकावरून राउटरच्या स्थानिक पत्त्यावर पिंग चालू ठेवा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला असतो.

- पिंग स्थिर, तरी कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही : दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला.
- वाय-फायवर पिंग तुटते, लॅन केबल लावल्यावर स्थिर : दोष हवेतील मार्गात.
- केबलवरही पिंग तुटते : केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठा तपासा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी कारण कळत नाही.

२. हवेतील व्यत्यय

भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला आहे. वाय-फाय, ब्लूटूथ आणि वायरलेस माउस याच पट्ट्यात काम करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर चालतो. दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांचे राउटरही इथेच असतात. वाय-फायची एक वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असते, पण शेजारच्या दोन वाहिन्यांमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचे. म्हणून १, ६ आणि ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीची वाहिनी निवडावी.

खुद्द संगणकही गोंगाट करतो. यूएसबी ३.० मधून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने संकेत जातात आणि त्यांचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. तपासणी सोपी आहे : बाहेरची हार्ड डिस्क काढा आणि पिंग पाहा. सुधारले, तर राउटर टेबलावरून हलवून मीटरभर लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा.

३. तारांमधील व्यत्यय

कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढते आणि त्याच बोर्डावरील व्होल्टता खाली येते. त्या क्षणी राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागले, तर तो वीजपुरवठ्याचा दोष आहे. राउटरला वेगळे सॉकेट द्या. इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर बदल होताना असे होत असेल, तर राउटरच्या अॅडॉप्टरवर लिहिलेल्या व्होल्टतेचा छोटा डीसी यूपीएस लावा.

लॅन केबलमधील तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात आणि पोर्टमध्ये विलगक ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या वीजतारेचा परिणाम सहसा कमीच होतो. जोडणीचा वेग १००० वरून १०० मेगाबिटवर आला असेल, तर आधी केबलची एखादी जोडी तुटल्याचा संशय घ्या : गिगाबिटला चार जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात.

४. झिणझिण्या येत असतील तर

संगणकाच्या धातूच्या खोक्याला हात लागताच झिणझिण्या येतात का? संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेले असेल, तर खोक्यावर २३० च्या निम्मी, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट व्होल्टता येते. प्रवाह अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण्या जाणवतात. नेट तुटण्याचे हे कारण सहसा नसते.

तरीही याकडे दुर्लक्ष करू नका. एक्स्टेन्शन बोर्डातील सर्व सॉकेटांच्या अर्थ-पट्ट्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. भिंतीतील अर्थिंग तुटलेले असताना त्याच बोर्डावरील कूलरच्या पत्र्यात फेज उतरला, तर तो या पट्टीतून तुमच्या संगणकाच्या खोक्यावरही येतो. तिथे प्रवाह रोखायला कपॅसिटर नसतो, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसासाठी तो जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या : फेज–अर्थ सुमारे २३० व्होल्ट, न्यूट्रल–अर्थ अगदी थोडे व्होल्ट असायला हवेत. दोन्हीकडे मधलेच आकडे दिसले, तर अर्थिंग तुटलेले असण्याचा दाट संभव आहे. अर्थच्या पिनला न्यूट्रलची तार जोडण्याची ‘युक्ती’ कोणी सुचवली, तर ठाम नकार द्या. न्यूट्रल कुठे तुटली, तर सगळे खोके थेट फेजवर जातात. घरमालकाकडे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही मागा.

स्वाध्याय

१. वाय-फायवर पिंग तुटते आणि त्याच वेळी वायरलेस माउसही अडखळतो. पहिला संशय कोणत्या मार्गावर घ्याल? का?

२. बोर्ड बदलल्यावर झिणझिण्या थांबल्या. दोष भिंतीत होता की बोर्डात? खात्री करण्यासाठी आणखी कोणती एक चाचणी घ्याल?