संत्र्याच्या पानांचे तेल : त्वचेवर योजण्यापूर्वी

वरूड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर हा पट्टा संत्र्याचा. अकोला जिल्ह्यात बाळापूरकडे, विशेषतः वाडेगावच्या परिसरात, कागदी लिंबाच्या बागा. अशा प्रदेशात वैद्यकी करणाऱ्या आम्हा मंडळींस लिंबूवर्गातील फळ, साल व केसर ह्यांचा परिचय नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. पान मात्र आपल्या चिकित्सेत बरेचसे उपेक्षितच राहिले. अलीकडे ह्या पानांपासून काढलेले सुगंधी तेल ‘पेटिटग्रेन’ अथवा ‘संत्रापर्ण तेल’ ह्या नावाने औषधालयांतून दिसू लागले आहे. मुखलेपात चार थेंब, अभ्यंगतेलात दहा थेंब, निद्रानाशासाठी उशीवर दोन थेंब, असे सल्लेही त्यासोबत दिले जातात. बागाईतदारही विचारतात, “डॉक्टरसाहेब, पानांचं तेल निघते म्हणतात, तर भट्टी टाकू का?” ह्या दोन्ही बाजूंस उत्तर देता यावे, एवढ्यासाठी प्रस्तुत लेख.

प्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. पेटिटग्रेन हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘लहान दाणा’ असा होतो. पूर्वी हे तेल झाडावरील अगदी कोवळ्या, दाण्याएवढ्या फळांपासून काढीत, त्यावरून हे नाव पडले. पुढे पाने व कोवळ्या डहाळ्या वापरात आल्या, नाव तेच राहिले. दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशात बालान्सा नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने 1870 च्या दशकात ह्या ऊर्ध्वपातनाचा पाया घातला आणि आजही त्या देशाचे तेल जगाच्या बाजारात ओळखले जाते. परंतु ते तेल कडू संत्र्याच्या, म्हणजे सिट्रस ऑरँशियम ह्या जातीच्या पानांचे होय. त्यात सुमारे निम्मा भाग लिनॅलिल ॲसिटेट व त्याखालोखाल लिनॅलूल असते. लॅव्हेंडरच्या तेलातही हीच दोन द्रव्ये मुख्य आहेत. म्हणून सुगंधचिकित्सेच्या पुस्तकांत पेटिटग्रेनला शामक, सौम्य व उन्हात निर्धोक म्हटलेले आढळते. त्या तेलापुरते ते खरेही आहे.

आपल्या बागेतील झाड कडू संत्र्याचे नाही. नागपुरी संत्रा म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, मँडरीन गटातील फळ. मँडरीनच्या पानांच्या तेलाचे जगभर जे पृथक्करण झाले, त्यात प्रामुख्याने तीन प्रकार दिसून आले. एकात सॅबिनीन व लिनॅलूल अधिक, दुसऱ्यात लिनॅलूल व गॅमा-टर्पिनीन अधिक, आणि तिसऱ्यात मिथाइल एन-मिथाइल अँथ्रानिलेट नावाचे नत्रयुक्त द्रव्य निम्म्याच्या आसपास. भूमध्य समुद्राकाठच्या मँडरीनचे पर्णतेल बहुधा ह्या तिसऱ्या प्रकारचे असते, आणि ‘पेटिटग्रेन मँडरीन’ म्हणून विकले जाते ते हेच. चिठ्ठीवर नुसते ‘पेटिटग्रेन’ लिहिले असेल, तर बाटलीत ह्यांपैकी काय आहे हे कळण्यास मार्ग नाही.

हा भेद केवळ रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरता नाही. सदर अँथ्रानिलेट त्वचेवर असताना ऊन लागले तर दाह उत्पन्न करते. बाकुची वापरणाऱ्या वैद्यास हे निराळे समजावून सांगावे लागू नये. श्वित्रात बाकुचीचा लेप देऊन आपण रुग्णास उन्हात बसवतो, ते तिच्यातील सोरालेनमुळे त्वचेची सूर्यकिरणांविषयी संवेदनशीलता वाढते म्हणून. आणि मात्रा वा वेळ चुकली की फोड येतात हेही आपण जाणतो. द्रव्य वेगळे, तत्त्व जवळचे. फरक इतकाच की बाकुची आपण जाणूनबुजून देतो, आणि हे तेल ‘सौम्य सुगंध’ समजून व्यंगाच्या रुग्णाच्या गालावर लावले जाते. आपल्याकडील गव्हाळ व सावळ्या त्वचेत दाह शमला तरी काळसर डाग महिनोन्महिने राहतो. ज्या विकारासाठी औषध दिले तोच वाढला, असे होण्याची ही सरळ वाट आहे.

येथे सालीच्या तेलाविषयीही एक गोष्ट स्पष्ट करावी. लिंबू, बर्गमॉट वगैरेंच्या सालीचे दाबून काढलेले तेल उन्हात दाह करते, ते त्यातील फ्युरोकुमारिन ह्या जड द्रव्यांमुळे. वाफेने ऊर्ध्वपातन केले असता ती द्रव्ये बहुतांशी मागे राहतात. ह्यावरून ‘वाफेवर काढलेले तेल म्हणजे उन्हात निर्धोक’ असा समज रूढ झाला आहे. पर्णतेलाच्या बाबतीत तो चालत नाही, कारण अँथ्रानिलेट हे वाफेबरोबर तेलात उतरते.

युरोपीय संघाने 2022 मध्ये ह्या द्रव्याचे प्रमाण निश्चित केले. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात कमाल 0.1 टक्का, धुऊन टाकण्याच्या प्रसाधनात 0.2 टक्के, आणि सनस्क्रीनसारख्या, ऊन लागावे म्हणून अथवा उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून लावावयाच्या वस्तूंत सर्वस्वी मनाई. आता हिशेब करून पाहू. एक मिलिलिटर म्हणजे ठोकळमानाने 20 थेंब. तेलात हे द्रव्य निम्मे आहे असे धरल्यास, 100 मिलि अभ्यंगतेलात 4 थेंब घातले की 0.1 टक्क्याची मर्यादा गाठली. सुगंधचिकित्सेच्या पुस्तकांतील नेहमीचे 1 टक्का प्रमाण धरले तर 20 थेंब पडतात, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. आणि अभ्यंगतेलात दोन टक्के घालणारेही पुष्कळ आहेत.

“रात्री लावा, म्हणजे ऊन लागणार नाही” असा तोडगा सुचवला जातो. शहरातील कार्यालयात बसणाऱ्या व्यक्तीस तो कदाचित लागू पडेल. आमच्या रुग्णांत निंदणी-वेचणीला जाणाऱ्या स्त्रिया अधिक. उन्हाळ्यात त्या ऊन टाळण्यासाठी पहाटेच शेत गाठतात आणि दहा-अकराच्या उन्हात परततात. रात्री नऊला लावलेला लेप नीट न धुता सकाळी सातला त्या उन्हात असतात. अकोल्याचे मे महिन्यातील ऊन देशात गाजलेले आहे. तेथे युरोपातील पुस्तकाचा ठोकताळा धरून चालणे योग्य नव्हे.

ह्याचा अर्थ हे तेल त्याज्य ठरवावे, असा नाही. आमचे म्हणणे एवढेच की, बाटलीत काय आहे हे कळेपर्यंत ते उघड्या राहणाऱ्या अंगावर योजू नये. औषधालय चालविणाऱ्यांनी माल घेताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला अवयव, काढण्याची पद्धत व तारीख आणि त्या विशिष्ट घाण्याचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. अहवालात अँथ्रानिलेटचा आकडा पाहावा. पुरवठादार ‘शुद्ध, नैसर्गिक’ एवढेच म्हणत असेल तर त्याचा चहा घ्यावा, माल घेऊ नये.

एक सोपी प्राथमिक चाचणीही आहे. तेलाचा एक थेंब रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये मिसळून, नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली अंधारात धरावा. अँथ्रानिलेट असल्यास मिश्रण ठळक निळसर चमकते. इतर काही द्रव्येही अशी चमकतात, तेव्हा चमक दिसली म्हणजे संशय घ्यावा. न दिसली म्हणजे तेल निर्दोष, असे मात्र समजू नये. अंतिम निर्णय अहवालाचाच.

सुंघण्यासाठी हा धोका उद्भवत नाही, आणि खरे पाहता पर्णतेलाचे क्षेत्र तेच आहे. बार्सिलोना येथील अभ्यासकांनी 2017 मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर पेटिटग्रेनच्या सुगंधाचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ताण हलका झाल्याचे नोंदले आहे. एका लहान अभ्यासावर निद्रानाशाची चिकित्सा उभी करता येत नाही, परंतु शिरोधारेच्या खोलीत, पाण्याच्या वाटीत दोन थेंब टाकण्यास हरकत नसावी. दम्याचा रुग्ण, तान्हे मूल व गर्भिणी ह्यांच्या बाबतीत तेही टाळावे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. सुगंधी बाष्पनशील तेल ही आपली मूळ कल्पना नव्हे. आपले तैल म्हणजे स्नेह. तरीही लिंबूवर्गातील पान गंधकर्मात आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. आम्र, जंबू, कपित्थ, बीजपूर व बिल्व ह्या पाचांची पाने म्हणजे गंधकर्मातील पंचपल्लव. त्यातील बीजपूर म्हणजे आपले महाळुंग. तैलाचा उग्र वास जाऊन गंध धारण करण्यास ते योग्य व्हावे, म्हणून ह्या पल्लवांची योजना. सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात सुगंधी अभ्यंगतैलांचा विषय आला आहे. आणि गंधवाद नावाच्या ग्रंथावर तर मराठी टीका आहे, जी भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे ह्यांनी विद्वानांच्या नजरेस आणून दिली. ज्यांना मुखतैलास पानांचा मंद गंध हवा आहे, त्यांनी महाळुंगाच्या पानांसह पंचपल्लव वापरून पाहावेत. पाकात गंध बराचसा उडतो हे खरे, पण मुखतैलास तेवढा मंद गंध पुरतो.

बागाईतदारांस काय सांगावे? ताज्या पानांतून सुगंधी तेल फार थोडे निघते. कडू संत्र्याचा अनुभव पाहता क्विंटलभर पानांमागे दोन-तीनशे ग्रॅम. झाडावरची पाने ओरबाडून हा धंदा करणे म्हणजे बहारावर पाणी सोडणे. छाटणीत निघणारी सल वाळलेली असते, तिच्यात तेल नाही. उरतात ते हिरवे पानसोट. पण डोळ्याच्या खालून फुटलेला पानसोट संत्र्याचा नसून जंभेरीच्या खुंटाचा असतो, आणि दोन्ही एकत्र भट्टीत गेले की तेलाचा प्रकारच बदलतो. शिवाय सिला व काळ्या माशीसाठी बागेवर जी कीटकनाशके फवारतात, त्यांतील काही तेलात उतरू शकतात. फवारणीची नोंद नसलेल्या बागेचे तेल आम्ही तरी रुग्णास देणार नाही. भट्टीच्या थंडाव्याला लागणारे पाणी हा वरूड-मोर्शीत आणखी एक प्रश्न आहे. तेथे विहिरींची अवस्था सर्वांस ठाऊक आहे.

तरीही कोणास प्रयोग करावयाचाच असेल, तर एकाच बागेतील, डोळ्यावरचे, न फवारलेले पानसोट घेऊन लहान घाणा काढावा व त्याचे पृथक्करण करून घ्यावे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही दोन ठिकाणे बागेच्या व जातीच्या प्रश्नांसाठी जवळ आहेत. आपल्या संत्र्याचे पर्णतेल सॅबिनीन-लिनॅलूल प्रकारचे निघाले, तर त्वचेवरील योजनेचा विचार निराळा करता येईल. लिंबाच्या पानांचे तेल हा वेगळा विषय; त्यात सिट्रल असते व ते काहींच्या त्वचेस ॲलर्जी करते, म्हणून तेही मोजूनच.

शेवटी विक्रीविषयी. वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करतो त्यास कायद्याने मोकळीक आहे. परंतु तीच बरणी चिठ्ठी लावून दुकानात ठेवली की परवाना लागतो. आयुर्वेदीय मालकी औषधात पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत आलेलीच द्रव्ये चालतात, तेव्हा संत्रापर्ण तेल घातलेला मुखलेप आयुर्वेदीय औषध म्हणून विकणे अडचणीचे ठरेल. तो प्रसाधन म्हणून करावयाचा असेल तर 2020 च्या प्रसाधन नियमांनुसार उत्पादन परवाना घ्यावा लागतो. साठवण गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत व थंड जागी असावी. लिनॅलूल हवेने जुने झाले की त्वचेस ॲलर्जी करू लागते, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात ते लवकर जुने होते. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहावी, व वास बदललेले तेल मुखलेपात घालू नये.