थट्टा कुठं थांबवायची?



मागच्या महिन्यात आमच्या रेडिओच्या फोनवर एका ताईंचा निरोप आला. त्या म्हणाल्या, "माझ्या दोन्ही पोरांना फुटबॉलचं वेड आहे. थोरला लिव्हरपूलचा, धाकटा मँचेस्टर युनायटेडचा. दोघांचे शर्ट बाजारातून आणलेले, दोन्ही लालच. रोज एकमेकांना चिडवतात, मी लक्ष देत नाही. पण परवा धाकट्यानं मोबाईलवर काहीतरी पाठवलं आणि थोरला ताटावरून उठून गेला. म्हणाला, मेलेल्या माणसांवर विनोद आहे हा. धाकटा म्हणतो, एवढं काय झालं, चेष्टाच केली. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा, कोणाचं खरं?"

ताई, आज तुमच्याच प्रश्नावर बोलू.

आधी एक सांगतो. चिडवणं वाईट नाही. आपल्या लग्नात विहिणी एकमेकींना चिमटे काढतात, उखाण्यात नवऱ्याची फिरकी घेतात, त्यानं नातं तुटत नाही, घट्टच होतं. खेळातही तसंच. आपल्या कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेविरुद्ध पेठ उभी राहते. हरलेल्या पेठेला पुढचे चार दिवस रस्त्यानं सरळ चालू देत नाहीत. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान हे दोन जुने संघ. ईस्ट बंगाल जिंकला की त्यांचे लोक हिल्सा मासा आणतात, मोहन बागान जिंकला की कोळंबी. हरलेल्यानं शेजारच्या घरातला रश्श्याचा वास घेत बसायचं! अशी चेष्टा असेल तर खेळाला चवच येते.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांचं वैरही असंच जुनं आहे. इंग्लंडमधली ही दोन शहरं, एकमेकांपासून साधारण ५० किलोमीटरवर. लिव्हरपूल हे बंदर, मँचेस्टर हे कापडगिरण्यांचं गाव. आपल्या वऱ्हाडातला कापूससुद्धा एके काळी लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. पुढं १८९४ मध्ये मँचेस्टरनं स्वतःचा मोठा कालवा सुरू केला, म्हणजे जहाजं लिव्हरपूलला न थांबता थेट आपल्या दारात यावीत. तिथून धंद्यातली चुरस वाढली, ती मैदानावरही उतरली. इथवर सगळं ठीक.

आता ज्या गोष्टीवर त्या पोरानं विनोद पाठवला, ती गोष्ट ऐका.

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड शहरातलं हिल्सबरो मैदान. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा मोठा सामना, दुपारी तीनला सुरू होणार. लिव्हरपूलच्या हजारो प्रेक्षकांना मैदानाच्या एकाच बाजूनं आत जायचं होतं आणि तिथली फिरती फाटकं होती थोडी. बाहेर गर्दी इतकी दाटली की लोकांचा जीव गुदमरू लागला. तेव्हा पोलिसांनी एक मोठं गेट उघडायला लावलं. गेटातून आत आलेल्या लोकांना समोर एक बोगदा दिसला. तो जायचा मधल्या कप्प्यांकडं. ते कप्पे आधीच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगदा कुणी बंद केला नाही आणि लोकांना तिकडं कुणी वळवलं नाही. मधल्या कप्प्यांच्या पुढं, मैदानाच्या बाजूला, उंच लोखंडी जाळी होती. मागून येणाऱ्यांना पुढं काय चाललंय ते दिसत नव्हतं. पुढच्यांना हलायला जागा नव्हती.

चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवला जाऊन मरतो असं आपल्याला वाटतं. खरं तर कितीतरी जण उभ्या उभ्या जातात. चारी बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुलत नाही, श्वास आत घेता येत नाही. २००५ साली वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून जास्त माणसं चेंगराचेंगरीत गेली. गर्दी काय करते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला. प्रेक्षकांनीच जाहिरातींचे फलक उपसून काढले आणि त्यांच्या झोळ्या करून माणसं वाहून नेली. त्या दिवसाचे बळी आज ९७ मोजले जातात. सगळ्यांत लहान मुलगा १० वर्षांचा होता. शेवटचा माणूस तेव्हाच्या दुखण्यानं ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला.

दुःख इथं संपलं असतं तरी ते मोठंच होतं. पण त्याच दुपारपासून दुसरी गोष्ट सुरू झाली. बंदोबस्ताची जबाबदारी असलेल्या पोलीस अधिकाऱ्यानं सांगितलं की गेट प्रेक्षकांनी फोडलं. मेलेल्यांच्या रक्तात दारू किती होती ते तपासलं, अगदी लहान मुलांच्यासुद्धा. चार दिवसांनी 'द सन' या मोठ्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्या लोकांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांना त्रास दिला. ते सगळं खोटं होतं. लिव्हरपूलमध्ये आजही कितीतरी लोक ते वर्तमानपत्र विकत घेत नाहीत.

विचार करा, सख्यांनो. सकाळी पोराला डबा देऊन मॅचला पाठवलंय. संध्याकाळी तो गेल्याची बातमी येते. आणि आठवड्याच्या आत सगळा देश म्हणू लागतो, तुमच्या पोरांनीच एकमेकांना मारलं, दारुडी होती ती.

या खोट्याविरुद्ध घरची माणसं उभी राहिली. त्यांत आया पुढं होत्या. अॅन विल्यम्स ही त्यांच्यातली एक. तिचा केविन १५ वर्षांचा होता. सरकारी चौकशीत सांगितलं गेलं की सव्वातीनपर्यंत सगळ्यांना प्राणघातक इजा होऊन गेली होती, म्हणून त्यानंतरचं काही तपासायची गरज नाही. म्हणजे नंतर मदत मिळाली असती तर कुणी वाचलं असतं का, हा प्रश्नच बंद. पण केविनजवळ असलेल्या एका महिला पोलिसाचं म्हणणं होतं की तो चारच्या सुमाराला जिवंत होता आणि शेवटी 'आई' म्हणाला. अॅननं तो एक धागा सोडला नाही. अर्ज फेटाळले गेले, तिनं पुन्हा केले. कागद वाचले, साक्षीदार शोधले.

२०१२ मध्ये एका स्वतंत्र समितीनं लाखो कागद तपासून अहवाल दिला. पोलिसांचे १६४ जबाब बदललेले निघाले. त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांवरची टीका काढून टाकली होती. वेळेवर मदत मिळती तर ४१ जण कदाचित वाचले असते, असंही त्या अहवालात आहे. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. जुना निकाल रद्द झाला. तो रद्द झाल्यावर चारच महिन्यांत, एप्रिल २०१३ मध्ये, अॅन कॅन्सरनं गेली. नव्या चौकशीपुढं २०१५ साली त्या अधिकाऱ्यानं कबूल केलं की गेट फोडल्याचं आपण खोटं सांगितलं होतं. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीनं निकाल दिला: ही माणसं बेकायदा मारली गेली, प्रेक्षकांची काही चूक नव्हती. एवढं एक वाक्य ऐकायला २७ वर्षं लागली. या मृत्यूंबद्दल शिक्षा मात्र कुणाही पोलीस अधिकाऱ्याला झाली नाही.

आता ताईंच्या धाकट्या मुलाच्या मोबाईलकडं वळू. हिल्सबरोवरचे जे विनोद फिरतात, मैदानावर ज्या घोषणा दिल्या जातात, त्यांचा अर्थ काय असतो? 'तुमचीच माणसं गुन्हेगार', 'तुमचं हे कायमचं रडगाणं', किंवा 'अजून मरायला हवी होती'. म्हणजे विनोद म्हणून तेच जुनं खोटं पुन्हा सांगायचं. जे खोटं पुसायला आयांचं आयुष्य गेलं, ते एका बोटानं पुढं ढकलायचं. हसण्यावारी नेलेलं खोटं जास्त दिवस टिकतं, कारण त्याला कुणी पुरावा मागत नाही.

पण थोरल्यानंही लगेच कॉलर ताठ करू नये. मँचेस्टर युनायटेडलाही असंच एक दुःख आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचा संघ सामना खेळून घरी परतत होता. जर्मनीत म्युनिकच्या धावपट्टीवर बर्फाचा चिखल साचला होता. विमानानं तिसऱ्यांदा उडायचा प्रयत्न केला आणि ते कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत ८ खेळाडू होते. या मृत्यूंवर हसणाऱ्यांत लिव्हरपूलचेही लोक होते. दोन्ही हात पसरून विमानाची नक्कल करायची, ही त्यांची चेष्टा.

आणि १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे समोरच्या प्रेक्षकांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली, ३९ माणसं मेली. बहुतेक इटलीची होती. त्या वेळी दोष लिव्हरपूलच्या लोकांचाच होता आणि त्यांतल्या काहींना शिक्षाही झाली. म्हणजे एक शर्ट घातला म्हणून माणूस कायमचा सोसणारा होत नाही आणि दुसरा घातला म्हणून कायमचा वाईट होत नाही. हेझेलच्या दोषाचा हिशेब हिल्सबरोच्या दहा वर्षांच्या पोरावर लावता येत नाही.

तिकडच्या लोकांनी यावर काय केलं? सप्टेंबर २०१२ मध्ये, तो अहवाल आल्यावर थोड्याच दिवसांत, दोन्ही संघ लिव्हरपूलच्या मैदानावर भेटले. मँचेस्टरचे बॉबी चार्लटन, जे स्वतः म्युनिकच्या अपघातातून वाचले होते, त्यांनी लिव्हरपूलच्या जुन्या खेळाडूच्या हाती ९६ लाल गुलाब दिले. तेव्हा बळींची संख्या ९६ होती. तरीही त्याच दिवशी दोन्हीकडच्या थोड्या लोकांनी घाणेरड्या घोषणा दिल्याच. २०२३ मध्ये दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी मिळून सांगितलं की वैर राहू द्या, पण मेलेल्यांना त्यात ओढू नका. त्याच वर्षी लंडनच्या एका सामन्यात एक माणूस पाठीवर ९७ आकडा आणि 'पुरेसे नाहीत' अशा अर्थाचे शब्द छापलेला शर्ट घालून आला. कोर्टानं त्याला १,००० पौंड दंड केला आणि चार वर्षं सामन्यांना बंदी घातली. 'चेष्टाच होती' हे तिथं चाललं नाही.

आपल्या देशातही असा एक दिवस आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मारामारी आणि पळापळ झाली, १६ प्रेक्षक गेले. त्यांच्या आठवणीत तिथं १६ ऑगस्टला रक्तदान करतात. रक्ताच्या पिशवीवर कुठल्या संघाचं नाव नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातल्या एका तरुण डॉक्टर मुलीवर रुग्णालयातच अत्याचार करून तिचा खून झाला. त्या दिवसांत या दोन संघांचा सामना बंदोबस्ताचं कारण देऊन रद्द केला, तेव्हा दोन्हीकडचे लोक आपापले शर्ट घालून मैदानाबाहेर एकत्र आले आणि त्या मुलीसाठी न्याय मागितला. हिल्सा आणि कोळंबीचं भांडण त्यांनी सोडलेलं नाही. पण ते कुठं ठेवायचं हे त्यांना कळलं.

मग मर्यादा ओळखायची कशी? आम्हाला एक साधी कसोटी सुचते. जे वाक्य तुम्ही चेष्टा म्हणून बोलता, ते त्या मेलेल्या पोराच्या आईसमोर उभं राहून बोलाल का? गोल हुकला, गोलकीपर झोपला, तुमचा संघ कप बघायलाही विसरला, हे खुशाल बोला. केविनच्या आईसमोर बोललात तरी ती हसली असती, तिच्याही घरात फुटबॉल होता. पण जे तिच्यासमोर जीभ रेटून बोलता येणार नाही, ते भावाच्या मोबाईलवरही पाठवू नये.

ही कसोटी फुटबॉलपुरती नाही. बांधावरच्या भांडणात, नळावरच्या वादात, निवडणुकीच्या धुमाळीत कधी कधी कुणी समोरच्या घरातलं मेलेलं माणूस काढतं. विहिरीत गेलेली सून, फास घेतलेला धनी. ऐकणारे दोघं-चौघं हसतात. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घराला ते हसणं वर्षानुवर्षं ऐकू येतं. आणि गेलेल्याबद्दल जे गावात हसत हसत पसरतं, ते बहुतेक वेळा खरंही नसतं. गटाच्या बैठकीत एकदा हा विषय घ्या. आपल्या गावात अशी कुठली 'चेष्टा' चालते, ती पहिल्यांदा कुणी सांगितली आणि ती खरी होती का, एवढं विचारून बघा.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थोरल्याचं खरं आहे. पण धाकट्याला नुसतं रागावू नका. त्यानं तो विनोद केलेला नाही, आलेला पुढं ढकललाय. त्याला केविनची आणि त्याच्या आईची गोष्ट सांगा. थोरल्याला म्युनिकची सांगा. मग दोघांना एका ताटात वाढा आणि पुढच्या सामन्याला हवं तेवढं भांडू द्या.

पुढच्या महिन्यात भेटू. तोवर नमस्कार.