‘इंद्रजाल’चा नवा अंक आणि वाचकांची चर्चा : मराठी चित्रकथा-वाचनाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

अमेरिकेत बुधवार हा कॉमिक्सचा वार मानला जातो. त्या दिवशी आठवड्याचे नवे अंक दुकानांत येतात आणि महानायकांचे चाहते तेथेच उभे राहून कोणता अंक घ्यावा, कोणता टाळावा, मागील कथेशी नवीन कथेचा मेळ बसतो की नाही याची चर्चा करतात. या चर्चेला एक व्यापारी कारणही आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी फिल सूलिंग या वितरकाने कॉमिक्सच्या विशेष दुकानांना थेट पुरवठा करण्याची पद्धत सुरू केली. तीत दुकानदाराला अधिक सवलत मिळे. मात्र न खपलेला अंक परत करता येत नसे. परिणामी मागणी नोंदवण्यापूर्वी चाहत्यांचा कल ओळखणे हा दुकानदाराच्या नफातोट्याचा प्रश्न झाला.

चर्चेची परंपरा मात्र या पद्धतीपेक्षा जुनी आहे. ‘डीसी’ प्रकाशनाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी 1960 च्या सुमारास वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापण्यास प्रारंभ केला आणि दूरदूरच्या वाचकांना एकमेकांशी पत्रव्यवहार करणे शक्य झाले. 1961 मध्ये जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांच्या सहकार्याने ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचे नियतकालिक काढले. बेल्स हे डेट्रॉईट येथील विद्यापीठात प्राध्यापक होते, तर थॉमस हे शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. कॉमिक्सचे वाचन हा अध्यापकीय प्रतिष्ठेला न शोभणारा छंद आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी, असे दुकानही नव्हते आणि असे नियतकालिकही नव्हते. तरीही नव्या अंकाची चर्चा होतच होती. ती कशामुळे घडत होती आणि तिचे स्वरूप काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘इंद्रजाल’ची मांडणी आणि वाचकाचे काम

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. इंग्रजीसह मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतून ती प्रसिद्ध होत असे. पहिले 32 अंक ली फॉक यांच्या ‘फँटम’चे, म्हणजेच मराठीतील ‘वेताळा’चे होते. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी नायक आले. 1976 मध्ये आबिद सुरती यांच्या कल्पनेतून ‘बहादूर’ हा चंबळच्या पार्श्वभूमीवरचा भारतीय नायक अवतरला. आरंभी मासिक असलेली ही माला पाक्षिक आणि 1980 च्या दशकात साप्ताहिक झाली. 1990 मध्ये ती बंद पडली, तोपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले होते.

येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. फँटमची कथा मुळात अमेरिकी वृत्तपत्रांत 17 फेब्रुवारी 1936 पासून रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीत येत होती. एक कथानक अनेक महिने चाले. ‘इंद्रजाल’मध्ये ते एका अंकाच्या मोजक्या पानांत बसवताना चौकटी गाळल्या जात, छाटल्या जात, काही दीर्घ कथा दोन-तीन अंकांत विभागल्या जात. शिवाय कथांचा क्रम मूळ कालक्रमानुसार नसे. मूळ पट्टीत वेताळ आणि डायना यांचा विवाह 1977 मध्ये झाला आणि 1979 मध्ये त्यांना जुळी अपत्ये झाली. परंतु ‘इंद्रजाल’च्या वाचकाला विवाहानंतरची कथा वाचल्यावर पुन्हा अविवाहित डायना भेटू शके. चित्रशैलीही बदलत असे. रे मूर, विल्सन मकॉय आणि 1961 पासून साय बॅरी अशा तीन हातांची चित्रे मागेपुढे येत.

असा तुटक, उलटसुलट क्रमाचा मजकूर हाती आल्यावर तो जुळवून घेण्याचे काम वाचकावर पडते, आणि एकट्याने ते होत नाही; कारण एकाकडे सगळे अंक नसतात. हा वेताळ एकविसावा की त्याचा पिता? कवटीची मुद्रा उजव्या हातात आणि संरक्षणाची डाव्या हातात, मग या चित्रात उलट कशी? पूर्वीच्या कथांतील बंगाल्याचे ‘इंद्रजाल’मध्ये ‘डेंकाली’ झाले, तर ही भूमी आफ्रिकेत समजावी की आशियात? नव्या अंकावरील चर्चा म्हणजे पुष्कळदा असल्याच प्रश्नांचा निवाडा असे. ज्या दोषांना संपादनाचे दोष म्हणावे लागेल, त्यांनीच वाचकांना बोलते केले.

वेताळ हे नाव

‘फँटम’ला ‘वेताळ’ हे नाव कोणी सुचविले असेल ते असो, निवड मार्मिक होती. महाराष्ट्र-कोकण-गोव्यात वेताळ हा भुतांचा राजा असून अनेक ठिकाणी तो गावाचा रक्षकही आहे. दुष्टांना भय आणि दुर्बलांना अभय हे त्याचे दुहेरी रूप मूळ नायकाशी जुळते. त्याहून महत्त्वाचे असे की ‘वेताळपंचविशी’त प्रत्येक कथेच्या शेवटी वेताळ एक प्रश्न टाकतो आणि राजाला उत्तर द्यावेच लागते. ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाच्या कथांवर वाढलेल्या मराठी मुलांना कथा संपली की वाद सुरू होतो हा संस्कार आधीच झालेला होता.

झाडीपट्टीत त्याला आणखी आधार होता. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर दंडार वा नाटक पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पात्रापात्राची उलटतपासणी करावी, ही येथील रसिकांची जुनी रीत आहे. पोथीच्या वाचनातही अध्याय थांबवून अर्थ विचारला जातो. नव्या अंकाची चर्चा या रीतीच्या बाहेरची नव्हती. विषय तेवढा परका होता.

साकोलीसारखी गावे

साकोली हे नागपूर-रायपूर मार्गावरील, नागपूरपासून सुमारे 100 किलोमीटर अंतरावरचे गाव. अशा गावांत अंक वृत्तपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर येई आणि त्याच्या मोजक्या प्रती असत. एक प्रत अनेक हातांतून फिरे. ज्याने आधी वाचले त्याला कथा सांगण्याचा मान मिळे, आणि ती सांगितली जाई झाडीबोलीत. या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळ्याचा ‘डोरा’ होतो. त्याच नियमाने वेताळाचा ‘वेतार’ होतो. म्हणजे इंग्रजी मूळ, छापील प्रमाण मराठी आणि बोलीतील कथन असा तिहेरी अनुवाद घडे. पहिल्या अनुवादाचे कर्ते वाचकांना बहुधा अज्ञातच राहिले आणि दुसऱ्याची तर कोणी नोंदच घेतली नाही.

पूर्वेकडे हिंदी भाषिक प्रदेश जवळ असल्याने येथील वाचक हिंदी कॉमिक्सही सहज वाचू शके. राज कॉमिक्सचा ‘नागराज’ 1986 मध्ये आणि ‘सुपर कमांडो ध्रुव’ 1987 मध्ये आला. वेताळ श्रेष्ठ की नागराज, या वादात विष आणि मनगटातील सर्पांपुढे साध्या पिस्तुलाचा निभाव लागेल का असा प्रश्न येई. उत्तर पुष्कळदा ध्रुवाच्या बाजूने जाई, कारण त्याच्याकडे अलौकिक शक्तीच नाही. बालवाचकांनी शक्तीपेक्षा बुद्धीला दिलेला हा कौल किरकोळ मानू नये. 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनवर ‘महाभारत’ आले. रविवारचे एकत्र पाहणे आणि सोमवारची चर्चा यांनी अंकाची जागा बऱ्याच अंशी घेतली.

नोंदीचा प्रश्न

अमेरिकी चाहत्यांची चर्चा पत्रस्तंभांत आणि त्यांच्या नियतकालिकांत छापली गेली, म्हणून तिचा इतिहास लिहिता आला. मराठी वाचकांची चर्चा तोंडी होती. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयास प्रत देणे बंधनकारक असले, तरी गावोगावच्या वाचनालयांनी कॉमिक्स जपण्याजोगे मानले नाहीत. मराठी ‘इंद्रजाल’चे अंक आज मुख्यतः खाजगी संग्राहकांकडे आढळतात, आणि त्यांच्या किमती पाहता ते अभ्यासकाच्या आवाक्यात राहिलेले नाहीत. 1970 च्या दशकात जे वाचक दहा-बारा वर्षांचे होते ते आता साठीच्या घरात आहेत.

ज्या परिसरात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीतील मौखिक साहित्य गोळा करून तिच्या अभ्यासाचा पाया घातला, तेथे हीच पद्धत वाचनाच्या आठवणींनाही लावता येण्यासारखी आहे. मराठी विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्याच घरातील एखाद्या काका-मामाकडे ध्वनिमुद्रक घेऊन बसावे आणि विचारावे : अंक कोणाकडे येई, किती दिवस ठेवता येई, भांडण कशावरून होई, आणि वेताळ मरतो की नाही याचा निकाल शेवटी कोणी दिला.