हाड पोखरणाऱ्या पेशी घडतात कशा?

आपल्या शरीरात जुनं हाड विरघळवून नव्याला जागा करणाऱ्या पेशी असतात : ऑस्टिओक्लास्ट.

● मूळ : अस्थिमज्जेतल्या, मॅक्रोफेजच्याच (जंतू गिळणाऱ्या पेशींच्या) कुळातल्या पेशी. अनेक पेशी जुळून बहुकेंद्रकी ऑस्टिओक्लास्ट बनते.

● हुकूम : ‘रँकएल’ प्रथिनाचा संदेश येताच ‘सी-फॉस’ व पाठोपाठ ‘एनएफएटीसी१’ ही जनुकांना चालना देणारी प्रथिनं सक्रिय होतात, हाड विरघळवणारी जनुकं चालू होतात.

● बिघाड : पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, रँकएलचा जोर वाढतो, हाडं ठिसूळ होतात.

● पुण्यातलं संशोधन : राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील (एनसीसीएस) डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २००३मध्ये उंदरांच्या पेशींत दाखवून दिलं, की इंटरल्युकिन-३ हे संदेशवाहक प्रथिन ‘सी-फॉस’ आणि त्याच्याच प्रकारचं ‘पीयू.१’ दाबतं, त्यामुळे पेशी ऑस्टिओक्लास्ट न बनता मॅक्रोफेजच्या वाटेला लागतात. हाडांची झीज रोखणाऱ्या उपचारांसाठी ही मोलाची दिशा आहे.