जुन्या प्रस्थापना-सीडीत नव्या ड्रायव्हरची भर

ठाण्याची वागळे वसाहत किंवा डोंबिवलीची औद्योगिक वसाहत येथील एखाद्या कारखान्यात चाचणीयंत्राची आज्ञावली केवळ ‘विंडोज एक्सपी’वरच चालते, असा प्रसंग कल्पनेपलीकडचा नव्हे. यंत्र धडधाकट असते. त्यास जोडलेला संगणक मात्र निकामी होतो. नव्या संगणकात एक्सपीची मूळ सीडी घालावी, तो हार्ड डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो किंवा निळा पडदा दिसून काम थांबते. हा दोष डिस्कचा नव्हे, कालक्रमाचा होय.

एक्सपी २००१ साली प्रसिद्ध झाली. डिस्क-नियंत्रकाशी व्यवहार करण्याची ‘एएचसीआय’ ही पद्धती २००४ मध्ये आली. तिचा ड्रायव्हर मूळ सीडीत नव्हता. २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकनेही ती उणीव भरून काढली नाही.

प्रस्थापनेच्या आरंभी सीडीचे वाचन बायोसच्या साह्याने होते. पुढे कार्यप्रणालीचा गाभा स्वतः कारभार हाती घेतो व त्यास स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो देण्याची मूळ सोय म्हणजे एफ-६ कळ दाबून फ्लॉपी घालणे. परंतु नव्या संगणकांत फ्लॉपीची खोबणच नसते. यास्तव ड्रायव्हर सीडीतच समाविष्ट करावा लागतो.

त्याची रीत येणेप्रमाणे : सीडीतील मजकूर एका फोल्डरमध्ये उतरवावा, ‘आय३८६’ विभागात ड्रायव्हरची फाइल ठेवावी, ‘टीएक्सटीसेटअप’ या सूचीत तिचे नाव व नियंत्रकाचा ओळखक्रमांक नोंदवावा, नंतरच्या चित्रमय टप्प्यासाठी आयएनएफ फाइल सोबत द्यावी, आणि मूळ आरंभविभाग कायम राखून नवी सीडी तयार करावी. ‘एनलाइट’ ही आज्ञावली हे सर्व आपोआप करते. तथापि ओळखक्रमांकाची नोंद हाच यातील कळीचा भाग होय. त्यात निर्मात्याचा व उपकरणाचा असे दोन अंक असतात. इंटेलचा निर्मात्याचा अंक ८०८६ आहे. नोंद जुळली नाही, तर ड्रायव्हर सीडीत असूनही नियंत्रकाशी त्याची गाठ पडत नाही.

या उपायास मर्यादा आहेत. निर्मात्याने एक्सपीसाठी ड्रायव्हर तयारच केला नसेल, तर ही रीत निरुपयोगी ठरते. काही संगणकांत बायोसमधून नियंत्रक जुन्या ‘आयडीई’ पद्धतीवर आणता येतो व प्रश्न तेथेच सुटतो. शिवाय ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा सुरक्षा-आधार संपला. म्हणून असा संगणक जाळ्यापासून अलग ठेवणेच इष्ट. जुना संगणक चालू असतानाच त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवली, तर यंत्र बंद पडण्याची वेळ सहसा येणार नाही.