यूपीएसचा पासवर्ड विसरलात? कार्ड रिसेट करताना एक चूक झाली तर आख्खं ऑफिस बंद पडतं

पुणेकरांना गुरुवारचं वेगळं सांगायला नको. महावितरणच्या देखभाल दुरुस्तीचा मेसेज येतो तो गुरुवारचा, पाणी बंद असतं ते गुरुवारी. त्यामुळे बुधवारी रात्री बादल्या भरायच्या आणि मोबाईल चार्ज करून ठेवायचा, हा इथला रिवाज.

तर विषय असा झाला की, बाणेरला एका छोट्या ऑफिसचं आयटी सांभाळणाऱ्या मित्राचा मंगळवारी संध्याकाळी फोन आला. गुरुवारी सकाळी नऊपासून लाईट जाणार होती. ऑफिसात दोन सर्व्हर, त्यांच्यामागे एक मोठा यूपीएस. बॅटरी किती मिनिटं टिकणार, एवढंच त्याला बघायचं होतं. यूपीएसच्या मागे नेटवर्कची वायर लावलेलं एक कार्ड होतं, ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकला की लॉगिनचं पान उघडत होतं. पण पासवर्ड माहीत असलेला माणूस दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता.

मित्राचा प्रश्न साधा होता. "कार्डावर रिसेटचं बटण दिसतंय. दाबू का? दाबलं तर सर्व्हर बंद पडतील का?"

याचं उत्तर लोक वाटेल ते देतात, म्हणून हा लेख.

आधी हे कार्ड म्हणजे नेमकं काय?

घरात आपण ज्याला इन्व्हर्टर म्हणतो त्याचं काम पंखा आणि ट्यूब चालू ठेवणं. लाईट गेल्यावर ट्यूब क्षणभर मिटली तरी कुणाचं काही बिघडत नाही. कॉम्प्युटरचं तसं नाही. वीज तुटल्यावर त्याचा पॉवर सप्लाय साधारण १० ते २० मिलिसेकंद तग धरतो, त्यानंतर मशीन बंद. यूपीएस त्या आत बॅटरीवर जातो, आणि ऑनलाईन प्रकारचा असेल तर मध्ये खंडच पडत नाही.

पण यूपीएस हा तसा मुका प्राणी. लाईट गेली की तो पीप पीप करतो आणि बॅटरी संपली की गप्प होतो. रात्री अडीच वाजता कुलूपबंद ऑफिसात तो कितीही ओरडला तरी ऐकणार कोण? म्हणून त्याच्या पाठीवरच्या खाचेत एक छोटं कार्ड बसवतात. त्याचं नाव नेटवर्क मॅनेजमेंट कार्ड. हे कार्ड म्हणजे स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचा आयपी असलेला एक चिमुकला कॉम्प्युटरच. लाईट गेली की ते ईमेल पाठवतं, बॅटरीची तब्येत सांगतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी संपत आली की सर्व्हरना नेटवर्कवरून निरोप देतं की बाबांनो, आता नीट बंद व्हा.

हा निरोप मिळाला नाही तर सर्व्हर धाडकन पडतो. त्या क्षणी डेटाबेसमध्ये काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं. लाईट दोन तासांत परत येते, पण डेटा दुरुस्त करायला दोन दिवस जातात.

आपल्याकडे ही कार्डं सर्रास दिसतात ती एपीसी कंपनीची. २००७ साली श्नायडर इलेक्ट्रिकने ही कंपनी विकत घेतली. ईटन, व्हर्टिव यांचीही अशीच कार्डं असतात, फक्त बटणांची रीत वेगळी. मित्राकडे एपीसीचं होतं, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

बटण दाबलं की वीज जाते का?

नाही. यूपीएसचं वीज देण्याचं काम वेगळ्या सर्किटवर चालतं. कार्ड रीस्टार्ट झालं, बिघडलं किंवा त्याच्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या, तरी सर्व्हरकडे जाणारी वीज चालूच राहते. घराची डोअरबेल बंद पडली म्हणून घरातली लाईट जात नाही, तसंच.

मग लोकांचे सर्व्हर पडतात कसे? दोन ठिकाणी गडबड होते.

पहिली गडबड स्क्रीनवर. कार्डाच्या मेनूत दोन सारखे दिसणारे पर्याय असतात. एक, मॅनेजमेंट इंटरफेस रीबूट करा. दुसरा, यूपीएस रीबूट करा. पहिल्याने फक्त कार्ड रीस्टार्ट होतं. दुसऱ्याने यूपीएस आपलं आउटपुट बंद करून पुन्हा चालू करतो, म्हणजे त्याच्यावर चालणारं सगळं बंद. घाईत असलेला माणूस "रीबूट" एवढाच शब्द वाचतो आणि ओके दाबून मोकळा होतो.

दुसरी गडबड जास्त भन्नाट आहे. ती आहे केबलची.

मित्राने फोनवर सांगितलं, "ड्रॉवरमध्ये नऊ पिनांची जुनी सिरीयल केबल सापडलीये. यूपीएसच्या मागे तसंच पोर्ट आहे. लावतो."

मी जवळजवळ ओरडलोच. एपीसीच्या अनेक स्मार्ट-यूपीएसवर असलेलं ते पोर्ट दिसायला नेहमीच्या सिरीयल पोर्टसारखंच असतं, पण त्याच्या पिनांची जोडणी कंपनीने स्वतःच्या पद्धतीने केलेली आहे. तिथे साधी केबल लावली तर चुकीच्या पिनवर व्होल्टेज जातं आणि यूपीएसला वाटतं की आपल्याला बंद व्हायला सांगितलंय. मग तो आज्ञाधारकपणे बंद होतो. त्याच्यावर सर्व्हर चालू आहेत याचं त्याला काहीही पडलेलं नसतं. जगभरच्या सिस्टम अॅडमिन लोकांमध्ये हा किस्सा प्रसिद्ध आहे, आणि बहुतेकांना तो स्वतःच्या हाताने केबल लावल्यावरच कळलेला असतो.

पासवर्ड रिसेट करायची केबल यूपीएसच्या पोर्टला लावायचीच नसते. ती लागते कार्डाच्या स्वतःच्या पोर्टला.

मग करायचं काय?

आधी कार्ड कोणत्या पिढीचं आहे ते बघा. मॉडेल नंबर कार्डाच्या पट्टीवर किंवा लेबलवर असतो. एपी ९६३० किंवा ९६३१ असेल तर ती दुसरी पिढी, ९६४० किंवा ९६४१ असेल तर तिसरी.

दुसऱ्या पिढीच्या कार्डावर हेडफोनच्या पिनसारखं बारीक टोक जाणारं भोक असतं. त्यासाठीची केबल कार्डाच्या खोक्यात मिळते. एका बाजूला ते बारीक टोक, दुसऱ्या बाजूला नऊ पिनांचा कनेक्टर. हल्लीच्या लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसतं, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. तिसऱ्या पिढीत हा ताप संपवलाय, तिथे मायक्रो यूएसबीची जागा दिली आहे.

केबल जोडली की लॅपटॉपवर पुट्टीसारखा टर्मिनल प्रोग्राम उघडायचा. दुसऱ्या पिढीसाठी वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. आता कार्डावरचं छोटं रिसेट बटण टोकदार वस्तूने एकदा दाबायचं. स्टेटसचा दिवा केशरी-हिरवा असा आलटून पालटून लुकलुकायला लागतो. तो तसा लुकलुकत असतानाच बटण पुन्हा एकदा दाबायचं. उशीर केलात तर कार्ड नुसतं रीस्टार्ट होतं, पासवर्ड आहे तिथेच राहतो. सगळा खेळ त्या दुसऱ्या दाबण्यात आहे.

मग एंटर मारत राहायचं. युजरनेम विचारलं की युजरनेम आणि पासवर्ड दोन्हीकडे कंपनीचं नाव, म्हणजे इंग्रजी लहान अक्षरांत एपीसी. यासाठी तुमच्याकडे साधारण ३० सेकंद असतात. ती गेली की पहिल्यापासून सुरुवात. आत शिरलात की लगेच नवा पासवर्ड ठेवायचा, कारण ही सवलत तात्पुरती असते. या पद्धतीचा फायदा असा की पासवर्ड सोडून बाकी सेटिंग जागेवर राहतात. आयपी, ईमेल, सर्व्हरची यादी, कशालाही हात लागत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे बटण २० ते २५ सेकंद दाबून धरणं. या काळात दिवा हिरवा लुकलुकतो, केशरी झाला की बटण सोडायचं. केबलची गरज नाही, म्हणून इंटरनेटवर सगळे हाच उपाय सांगतात. पण याने कार्ड कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं. तिसऱ्या पिढीच्या कार्डाला बहुतेक वेळा हाच मार्ग घ्यावा लागतो.

कोरं झालं तर बिघडलं कुठे?

खरा धोका इथेच आहे, आणि तो दिसत नाही.

कार्ड कोरं झालं की त्याचा ठरवून दिलेला आयपी जातो आणि ते डीएचसीपीकडे नवा मागतं. म्हणजे ते नेटवर्कवर असतं, पण जुन्या पत्त्यावर नसतं. शोधायचं तर राऊटरच्या यादीत त्याचा मॅक पत्ता बघायचा, एपीसीच्या बऱ्याच कार्डांचा तो शून्य शून्य, सी शून्य, बी सात असा सुरू होतो. कार्डाच्या लेबलवरही तो छापलेला असतो. कार्ड सापडलं, नवा पासवर्ड ठेवला, आत गेलात, बॅटरी हिरवी दिसली. तुम्ही खूश.

पण सर्व्हरवर पॉवरशूट नावाचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, ते अजून जुन्या पत्त्यावर जुन्या ओळखीने कार्डाला हाका मारत असतं. कार्ड आता त्याला ओळखत नाही. ईमेलची यादी पुसली गेलीये. घड्याळ चुकलंय. सर्व्हर बंद करायला किती मिनिटं द्यायची, ती सेटिंगही मूळ पदावर. वरून सगळं ठीकठाक, आणि पुढच्या गुरुवारी लाईट गेल्यावर कुणालाच निरोप जात नाही.

म्हणून जुन्या पासवर्डने आत शिरता येत असेल तेव्हाच कार्डातून कॉन्फिगरेशनची फाईल उतरवून ठेवावी. पासवर्डच हरवला असेल तर निदान सर्व्हरच्या बाजूने पॉवरशूटमध्ये कोणता पत्ता लिहिलाय त्याचा फोटो काढून ठेवा.

पण पासवर्डचा एवढा बाऊ कशाला?

आता तुम्ही म्हणाल, यूपीएस हॅक करून कुणाला काय मिळणार?

२३ डिसेंबर २०१५. युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोर तेवढ्यावर थांबले नाहीत. कंपन्यांच्या स्वतःच्या यूपीएसच्या रिमोट मॅनेजमेंटमध्ये शिरून त्यांनी सर्व्हरचा बॅकअप ठरावीक वेळी बंद होईल असं लावून ठेवलं. हेतू हा की वीज परत आणणाऱ्या लोकांनाच अंधारात ठेवायचं.

मार्च २०२२ मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीने एपीसीच्या स्मार्ट-यूपीएसमधल्या तीन त्रुटी जाहीर केल्या, त्यांना टीएलस्टॉर्म असं नाव दिलं. त्याच महिन्यात, २९ तारखेला, अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने आणि ऊर्जा विभागाने मिळून इशारा दिला की इंटरनेटला जोडलेल्या यूपीएसमध्ये हल्लेखोर शिरतायत, आणि बऱ्याचदा शिरतायत ते मूळचे पासवर्ड न बदलल्यामुळे. कुठलीही चलाखी नाही, दाराला लावलेलं कुलूपच सगळ्यांच्या ओळखीचं.

नव्या फर्मवेअरमध्ये पहिल्या लॉगिनलाच पासवर्ड बदलायला लावतात. जुन्या कार्डांत अशी सक्ती नव्हती, आणि आपल्याकडे जुनी कार्डंच जास्त. यूपीएस एकदा बसवला की बॅटरी मरेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. हे कार्ड थेट इंटरनेटवर उघडं तर अजिबात नसावं.

पुण्यात पूर्वीसारखं भारनियमन नाही हे खरं. २००६ साली सीआयआयच्या पुढाकाराने इथल्या उद्योगांनी आपल्या जनरेटरची वीज वापरून शहर भारनियमनातून सोडवलं, त्याला पुणे मॉडेल म्हणून देशभर ओळख मिळाली. पण ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे धुकं आणि दवामुळे ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग अंधारात गेला. त्याचा मेसेज आदल्या दिवशी आला नव्हता.

असो. मित्राकडे परत येऊ.

त्याचं कार्ड दुसऱ्या पिढीचं निघालं. नऊ पिनांची ती केबल त्याने परत ड्रॉवरमध्ये टाकली आणि कार्डाचं जुनं खोकं शोधायला लागला. ते पॅन्ट्रीच्या माळ्यावर सापडलं, आत बारीक टोकाची केबल जशीच्या तशी. पहिल्या प्रयत्नात दुसऱ्यांदा बटण दाबायला उशीर झाला. दुसऱ्या प्रयत्नात तो आत शिरला. नवा पासवर्ड ठेवला आणि मग ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता, तो आकडा बघितला.

बॅटरी सात मिनिटांची उरली होती. बसवून पाच वर्षं झाली होती, त्यातून सर्व्हरची खोली पत्र्याच्या शेडला लागून. लेड अॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, ती पण पंचविशीच्या आसपास तापमान असेल तर. आणि त्याचे दोन्ही सर्व्हर नीट बंद व्हायला अकरा मिनिटं लागत होती.

बॅटरीची ऑर्डर त्याने त्याच रात्री दिली. ती यायला आठवडा लागणार होता, म्हणून गुरुवारी सकाळी साडेआठला ऑफिसात जाऊन त्याने दोन्ही सर्व्हर हातानेच बंद केले.