लिहिले, पण उमटले नाही

प्रोग्रॅमने फाईलमध्ये लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तो मेमरीतल्या पेज कॅशमध्ये ठेवतो आणि ‘झाले’ असे कळवून प्रोग्रॅमला मोकळे करतो. डिस्कवरचे खरे लेखन मागाहून होते. लिनक्सच्या मूळ मांडणीत बदललेली पाने, म्हणजे कॅशमधले मेमरीचे तुकडे, साधारण ३० सेकंद जुनी झाली, की कर्नल ती आपणहून डिस्ककडे धाडतो. मेमरीच्या मानाने डिस्क फारच मंद असल्याने ही उधारी टाळता येत नाही.

हे मागाहूनचे लेखन फसले, तर मात्र पंचाईत होते. डिस्कचा तो भाग खराब निघतो, नेटवर्कवरची साठवण भरलेली असते किंवा पेन ड्राइव्ह मध्येच उपसला जातो. तोवर लिहिणारा प्रोग्रॅम पुढे गेलेला असतो. कदाचित फाईल मिटून संपलेलाही असतो. म्हणून युनिक्स परंपरेत ‘एफसिंक’ ही आज्ञा आहे. ती म्हणजे पोचपावतीची मागणी: या फाईलचे सगळे डिस्कवर पोचेपर्यंत प्रोग्रॅम थांबतो आणि यश की अपयश, हे कर्नलकडून ऐकून घेतो.

या पोचपावतीवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांना २०१८ मध्ये उमगले. एफसिंक फसले तर ते पुन्हा करावे आणि दुसऱ्यांदा ‘यशस्वी’ आले की सारे डिस्कवर पोचले असे समजावे, अशी त्यांची कित्येक वर्षांची पद्धत होती. लिनक्स मात्र फसलेली पानेही ‘लिहून झालेली’ म्हणून नोंदवत असे आणि चूक एकदाच कळवत असे. दुसऱ्या एफसिंकच्या वेळी लिहायचे काही उरलेलेच नसे, म्हणून उत्तर ‘यशस्वी’ येई. त्या भरवशावर डेटाबेस आपल्या बदलांच्या नोंदवहीतला जुना भाग निकालात काढी. डिस्कवर नवा मजकूर नाही आणि तो पुन्हा उभा करण्याचे साधनही गेले; शिवाय कुठेही गाजावाजा नाही. माहिती जपण्यासाठीच बांधलेल्या प्रणालीत याहून वाईट चूक क्वचितच सापडेल.

कर्नलची बाजूही निराधार नव्हती. उपसलेल्या पेन ड्राइव्हची पाने कायम ‘बाकी’ ठेवली, तर ती मेमरी अडवून बसतील. फ्रीबीएसडीने वेगळा मार्ग धरला: उपकरणच नाहीसे झाले नसेल, तर तेथे फसलेली पाने बाकीच राहतात.

लिनक्समध्ये चूक फाईलपाशी एका खुणेच्या रूपात राही आणि जो आधी विचारेल तो ती पुसून टाकी. २०१७ च्या ४.१३ आवृत्तीपासून फाईल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती एकेकदा कळू लागली. तरी चूक घडल्यानंतर फाईल उघडणारा अंधारातच राही, आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये लिहिणारी प्रक्रिया वेगळी, एफसिंक करणारी वेगळी असू शकते. ती फट पुढच्या आवृत्त्यांत बऱ्याच अंशी बुजवली गेली.

पोस्टग्रेसक्यूएलने फेब्रुवारी २०१९ मध्ये कठोर पण योग्य उपाय स्वीकारला: एफसिंक फसताच डेटाबेस थांबवायचा आणि नोंदवहीवरून सारे बदल पुन्हा लिहून काढायचे. २०२० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक्स्ट४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाईल सिस्टिमवर रेडिस, लेव्हलडीबी, एसक्यूलाइट यांसारखे प्रोग्रॅम तपासले. अशा अपयशातून सावरण्याची एकाचीही तजवीज पुरेशी ठरली नाही. थांबून पुन्हा सुरू होणेही नेहमी पुरत नाही, कारण डिस्कवर न पोचलेले पान मेमरीत तसेच असते आणि नव्याने वाचताना तेच हाती येऊ शकते.

२०१९ मध्ये लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत आलेल्या ‘आयओ-युरिंग’मध्ये, म्हणजे वाचन-लेखनाच्या विनंत्या कर्नलकडे सोपवण्याच्या नव्या पद्धतीत, प्रत्येक विनंतीचा निकाल त्या विनंतीची खूण घेऊनच परततो, त्यामुळे चूक कुणाची हा घोळ बराच कमी होतो. मात्र लेखन पेज कॅशमधून जात असेल, तर त्या निकालाचा अर्थ मजकूर मेमरीत पोचला एवढाच असतो. डिस्कची खात्री हवी असेल, तर तेथेही एफसिंकची विनंती वेगळी द्यावीच लागते.